तीन उंचवटे

धरमपेठेतल्या चष्म्याच्या दुकानात बाबांचा नवा चष्मा हातात घेऊन नंदिनी त्याच्या काड्या उघडून-मिटून पाहत होती, तेव्हा पर्समधला फोन थरथरला. दुकानदार आत डबी शोधायला गेला होता. मे महिन्यातली दुपार. काचेपलीकडचा रस्ता उन्हानं पांढरा पडला होता आणि आत एसी इतका गार, की घामेजलेल्या मानेवर शहारा यावा. निरोप गार्गीचा होता. गार्गी तिची जुनी विद्यार्थिनी. एम.एस्सी.ची दोन वर्षं पहिल्या बाकावर बसून प्रश्न विचारणारी, आता पुण्याच्या एका संस्थेत पीएच.डी. करणारी. ‘मॅडम, या हंगामातली सगळी निरीक्षणं आली. प्रकाश वाढलेला नाही, उतरतोच आहे. मेल पाठवला आहे. वेळ असेल तेव्हा बोलू या का?’ एवढाच निरोप. दुकानदार डबी घेऊन बाहेर आला, नंबर एकदा तपासून देऊ का म्हणाला. नंदिनीनं मान हलवली. ती हो होती की नाही, हे त्याला कळलं नसावं, कारण तो तसाच उभा राहिला.

धक्का बसला असं तिला म्हणता आलं नसतं. जिना संपलेला असतो, पण अजून एक पायरी आहे असं समजून आपण पाय टाकतो आणि सपाट फरशी लागते, तसं काहीतरी अंगातून गेलं. ती स्टुलावर बसली. जानेवारीपासून ती याच निरोपाची वाट पाहत होती, आणि जानेवारीपासूनच तो काय असेल हे तिला माहीत होतं. आपल्याला माहीत आहे हे तेवढं तिनं स्वतःला कळू दिलं नव्हतं.

त्या दीर्घिकेला नाव नव्हतं. नुसता एक लांबलचक क्रमांक होता, आणि तो नंदिनीला घराच्या पत्त्यासारखा पाठ होता. तिच्या मध्यावर शंभर कोटी सूर्यांच्या वजनाचं कृष्णविवर, आणि भोवती तापलेल्या वायूची प्रचंड चकती. विवर कुणालाच दिसत नाही, दिसते ती चकती. आत ओढलं जाणारं द्रव्य सरळ पडू शकत नाही. ते फिरत राहतं, एकमेकांवर घासतं, तापतं आणि उजळतं. हा पडण्याच्या आधीचा उजेड आहे, असं ती वर्गात सांगायची आणि मुलं ते वहीत उतरवून घ्यायची. हा उजेड एकसारखा राहत नाही. आठवड्यांत, महिन्यांत, वर्षांत तो कमीजास्त होत राहतो, आणि नेमका कशानं, हे अजून कुणी छातीठोकपणे सांगू शकलेलं नाही. बहुतेकांचं म्हणणं, त्याला ताल नाही. नंदिनीला ताल सापडला होता. जगातल्या दुर्बिणींनी घेतलेली, कुणालाही उघडून पाहता येतील अशी तेरा वर्षांची निरीक्षणं तिनं एका दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजच्या रिकाम्या संगणकखोलीत बसून मांडली, तेव्हा पडद्यावर तीन उंचवटे उभे राहिले. चार वर्षं दोन महिने, पुन्हा चार वर्षं दोन महिने. चकतीत द्रव्याची एक गाठ असावी, ती फिरत फिरत आपल्या दिशेनं येऊ लागली की उजेड वाढत असावा. ना मोठी संस्था, ना मार्गदर्शक, आठवड्याला अठरा तास शिकवून उरलेल्या वेळात तिनं तो लेख लिहिला आणि तो एका चांगल्या नियतकालिकानं छापला. चौथा उंचवटा अमुक वर्षी, म्हणजे यंदा, जानेवारी ते मार्चच्या दरम्यान येईल, असं तिनं शेवटच्या ओळीत लिहिलं. ते लिहायलाच हवं होतं असं नाही. पण लिहिलं होतं.

तिनं दुकानाच्या पायरीवर सावलीत उभं राहून गार्गीला फोन लावला. गार्गी आधी तब्येतीचं, उन्हाचं विचारत राहिली. मग एकदम बोलू लागली, पाठ करून आल्यासारखी. तिनं संगणकावर एक लाख खोटे आलेख बनवले होते. त्यांत कसलीही फेरी नव्हती, कसली गाठ नव्हती. प्रत्येक क्षण फक्त मागच्या क्षणाचं थोडं उरलंसुरलं घेऊन पुढे जाणारा, वर एक आंधळा धक्का खाणारा. त्या लाखांतल्या कित्येकांत तीन सुरेख उंचवटे निघाले, नंदिनीच्या आलेखाइतके सुरेख. दारू पिऊन चाललेला माणूस, मॅडम, तुम्हीच सांगायच्या, असं गार्गी म्हणाली. त्याचं पुढचं पाऊल मागचं पाऊल जिथं पडलं तिथूनच निघतं, म्हणून लांबून पाहणाऱ्याला वाटतं की हा कुठंतरी निघाला आहे. नंदिनीला तो तास आठवला. वर्ग हसला होता. हे सगळं माहीत असलेली बाई त्याच महिन्यात संगणकखोलीत बसून तीन उंचवट्यांच्या प्रेमात पडली होती.

“तीन उंचवटे कुणालाही दिसतात, मॅडम,” गार्गी म्हणाली. “मलाही दिसले होते. म्हणून तर मी हा विषय घेतला.” तिचा आवाज ओला झाला होता. लेख पाठवायच्या आधी तो मॅडमनी पाहावा, वाटलं तर त्यांचंही नाव त्यावर असावं, असं तिचं म्हणणं होतं. नंदिनीनं तिला सांगितलं की तू बरोबर आहेस, कुठं अडू नकोस, पाठवून दे. नावाचं नंतर पाहू. आपला आवाज कसा इतका नीट निघतो आहे याचं तिला नवल वाटलं. फोन ठेवल्यावर तिच्या ध्यानात आलं, की दुकानदार दार अर्धं उघडून केव्हाचा चष्म्याची डबी पुढे धरून उभा आहे.

ती स्कुटीवर बसली. तोंडाला स्कार्फ गुंडाळला, फक्त डोळे उघडे. दुपारचे सिग्नल बंद होते, उन्हात कुणी उभं राहू नये म्हणून. एका चौकात रस्त्यावर हिरवं नेट बांधलं होतं आणि त्याची जाळीदार सावली तिच्या हातांवरून सरकून गेली. शंकरनगर गेलं, पुढचे चौक गेले, तिला काही कळलं नाही. उद्यापासून कॉलेजात काय, त्या लेखाचं काय, याचा ती विचार करू पाहत होती, पण विचार तिथं थांबतच नव्हता. दीर्घिका जाऊ दे. दीर्घिकेचं काही बिघडलं नव्हतं. तीन उंचवट्यांवर विश्वास ठेवून तिनं आणखी एक गोष्ट केली होती आणि ती गार्गीला ठाऊक नव्हती. कुणालाच पूर्ण ठाऊक नव्हती.

प्रशिक, तिचा भाऊ, तिच्यापेक्षा सात वर्षांनी लहान. आयटीआय केलेला, हातात कसब असलेला. मोटर नुसती कानानं ऐकून तिचं दुखणं सांगायचा. उन्हाळा लागला की हुडकेश्वरच्या अर्ध्या वस्तीचे कुलर त्याच्याकडे. वाळ्याच्या ताट्या बदलणं, पंप बसवणं, पंख्याची पाती सरळ करणं. बाविसाव्या वर्षी तो पहिल्यांदा बिघडला. आधी सहा रात्री झोपला नाही, एका दिवसात चाळीस घरांचे कुलर उघडून बसला, सगळ्यांना उद्या देतो म्हणाला, उद्या मात्र त्याला खाटेवरून उठताच येईना, आणि ते नऊ आठवडे चाललं. अंगणात चाळीस कुलरचे पत्रे उघडे पडलेले आणि हा भिंतीकडे तोंड करून. डॉक्टरांनी सांगितलं, हा दोन टोकांचा आजार आहे, गोळ्या कायम. गोळ्या तो घ्यायचा आणि सोडायचा. तेजीच्या दिवसांत तो घरातून निघून जाई. एकदा रामटेकला सापडला, एकदा इटारसीच्या स्टेशनवर, पायात चप्पल नसलेला, हसतमुख. त्यानंतर बाबांनी गेटला कुलूप आणलं. पण कुलपात ठेवलेला प्रशिक पाहवत नसे. तो गज धरून रस्त्याकडे बघत राही, आणि शाळेतून परतणारी पोरं त्याला काका म्हणून हाक मारत, तेव्हा ओळख नसल्यासारखा आत निघून जाई.

वही नंदिनीनं सुरू केली. रोजची एक ओळ. झोप किती, बोलणं किती, जेवण किती, आणि शेवटी दहापैकी एक आकडा. आईला ती वही आवडत नसे. सिंधूताई चौथी शिकलेली, पण तिचा पोराच्या चेहऱ्यावर फार भरवसा होता. सकाळी तो दात घासायला नळाजवळ आला की ती त्याच्याकडे एकदा बघे आणि आजचा दिवस कसा जाणार हे सांगे. “लेकराले मार्क काहून देऊन राहिली वं?” असं तिनं एकदा विचारलं होतं. नंदिनीनं तिला समजावलं, की मोजल्याशिवाय कळत नाही. पाच महिन्यांनी तिनं आकडे मांडले आणि कागदावर तीन उंचवटे आले. सत्तेचाळीस दिवसांनी एक. दीर्घिकेच्या वर्षभर आधीची ही गोष्ट. डोळ्याला सवय लागली ती तिथं. तो कागद हातात घेऊन ती स्वयंपाकघरात धावत गेली होती. इतकी वर्षं घरात जे अंगावर कोसळत होतं, त्याला वेळ होती, त्याला ताल होता, ते येणार हे आधी कळणार होतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिनं पुढल्या दिवसांना खुणा केल्या. लाल खुणेच्या दिवशी गेटला कुलूप, हिरव्या खुणेच्या दिवशी गेट उघडं. सगळ्यांत जास्त आनंद बाबांना झाला. देवाजी एकतीस वर्षं एसटीत वाहक होते, त्यांतली बरीचशी काटोलच्या गाडीवर, संत्र्याच्या पेट्या आणि त्यांचे मालक यांच्यामध्ये उभे राहून. त्यांना वेळापत्रक कळत असे. गाडी लेट होते, पण येते, एवढं त्यांचं तत्त्वज्ञान.

पहिल्या दोन फेऱ्या बरोबर आल्या. तिसऱ्या वेळी प्रशिक नऊ दिवस आधीच चढला, आणि नंदिनीनं खुणा नऊ दिवस मागे सरकवल्या. त्यानंतर पाच दिवस पुढे. दर वेळी काहीतरी कारण सापडे. गोळी बदलली होती. ताप आला होता. मग आई गेली, एप्रिलात, दोन दिवसांच्या दुखण्यानं, आणि त्या महिन्याचे आकडे नंदिनीनं धरलेच नाहीत. आता हे सगळं तिला स्कुटीवर, मानेवाड्याच्या चौकात एका ट्रकच्या मागे थांबलेली असताना, एखाद्या दुसऱ्या बाईनं केलेल्या गणितासारखं स्वच्छ दिसत होतं. जे आकडे बसत नव्हते ते तिनं बसवले होते. खोटं बोलावं असं तिच्या मनात कधीच नव्हतं. तिला फक्त एवढं हवं होतं, की सकाळी उठून भावाच्या तोंडाकडे भीत भीत पाहावं लागू नये.

आणि मग फेब्रुवारी. पुण्याचं संमेलन, तीन दिवसांचं. आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणीतरी बोलावलं होतं. निघायच्या आधी तिनं कॅलेंडर पाहिलं. पूर्ण आठवडा हिरवा होता. कुलपाची गरज नाही, असं ती बाबांना सांगून गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला ती व्यासपीठावर उभी राहून त्या तीन उंचवट्यांबद्दल बोलली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, एका पांढऱ्या दाढीच्या गृहस्थांनी नागपुरात राहून हे काम केलंत म्हणून तिचा हात हातात घेतला. त्याच सकाळी प्रशिक घरून निघाला. पंपाचं सामान आणायला जातो म्हणाला, असं बाबांनी सांगितलं. तो आला नाही. रामटेकला नव्हता, इटारसीला नव्हता, नागपूरच्या कुठल्याच दवाखान्यात नव्हता. शेजारची वच्छलाबाई आणि विहारातली पोरं पंधरा दिवस फोटो घेऊन हिंडली. त्या आठवड्यात एका वर्तमानपत्रात तिसऱ्या पानावर नंदिनीचा फोटो होता, आणि पाचव्या पानावर प्रशिकचा. बाबांनी तो अंक घडी घालून कपाटात ठेवला. कुठल्या पानासाठी, हे तिनं त्यांना कधी विचारलं नाही.

तीन वर्षं झाली. बाबांनी तिला एका शब्दानं दोष दिला नाही. पुढच्या डिसेंबरात नवं कॅलेंडर आणलं आणि तिच्यासमोर धरलं, एवढंच. खुणा कर म्हणाले. चांगल्या दिवसांत त्याले घर आठवते, इटारसीवरून त्यानं सोताच फोन केला होता न, मंग चांगल्या दिवसांतच येईन तो. नंदिनीनं हातात पेन घेतलं. त्या क्षणी नाही म्हणायला हवं होतं. पण बाबांनी ते कॅलेंडर तिच्यासमोर तसंच धरून ठेवलं होतं, आणि तिनं सत्तेचाळीस मोजले, आणि हिरव्या खुणा केल्या. मग त्याच्या पुढच्या वर्षीही केल्या. आणि यंदाही. हिरवे दिवस आले की देवाजी सकाळी आठला आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, गेटसमोर खुर्ची टाकून बसत. उन्हाळ्यात व्हरांड्यात, पण गेट दिसेल अशा बेतानं. लाल दिवसांत ते अंथरुणावर पडून राहत, जेवण नको म्हणत. त्यांचीही आता तेजी-मंदी होती, आणि ती मात्र अगदी वेळापत्रकानुसार चाले, कारण वेळापत्रक नंदिनीनं लिहिलेलं होतं.

घरी पोचली तेव्हा दोन वाजत आले होते. गेट उघडं. आजपासून हिरवे दिवस सुरू होत होते, हे तिच्या लक्षात आलं. बाबा व्हरांड्यात खुर्चीवर होते, मांडीवर ओला पंचा, पायाशी पाण्याचा तांब्या. तिनं चष्मा दिला. त्यांनी तो लावला, गेटकडे पाहिलं, पलीकडच्या रस्त्याकडे पाहिलं, आणि समाधानानं मान हलवली. आता लांबवरचा माणूस चेहऱ्यासकट दिसते म्हणाले. नंदिनी व्हरांड्याच्या कठड्यावर बसली. कठडा तापलेला होता, साडीतून चटका बसत होता, पण तिनं जागा बदलली नाही. अजून गप्प राहता येईल, असं तिच्या मनात आलं. गार्गीचा लेख इथं कोण वाचणार होतं? डिसेंबरात कॅलेंडर येईल, आपण सत्तेचाळीस मोजू, आणि एका सकाळी बाबा त्या खुर्चीवर बसलेले असतानाच जातील, गेटकडे तोंड करून, सुखात. मग तिला वाटलं, की हेही आपणच ठरवतो आहोत. कुणी कशाच्या भरवशावर जगायचं, हे पुन्हा आपणच मोजून देतो आहोत.

तिनं सांगितलं. सावकाश, वर्गात सांगते तसं सोपं करून, वरचं सगळं आकाश आणि गार्गीचे लाख आलेख गाळून. मी जे चक्र म्हणत होते ते नव्हतंच. मला वाटलं म्हणून मला दिसलं. तिसऱ्याच फेरीला चुकलं होतं, मी खुणा सरकवल्या, तुम्हाला सांगितलं नाही. त्याचा आजार असा दिवस मोजून येत-जात नव्हता. या खुणांना काही अर्थ नाही. देवाजी ऐकत होते. भरल्या गाडीत गोंगाटात एखाद्या म्हाताऱ्याचं गाव ऐकून घ्यावं तसा कान किंचित तिच्याकडे कललेला.

“म्हंजे गाडी लेट नाई?” त्यांनी विचारलं.

“गाडीच नाही, बाबा. वेळापत्रक मी मनानं बनवलं होतं.”

रस्त्यानं एक बर्फगोळ्याची गाडी घंटी वाजवत गेली. बाबांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि पंच्यानं डोळे पुसले, पण ते ओले नव्हते, घाम होता. ते रागावतील अशी तिची अपेक्षा होती. रागावले असते तर बरं झालं असतं, अशी तिची इच्छा होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, उलट एक विचित्र सुटका होती, आणि ती पाहून नंदिनीला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

“मंग मीबी सांगतो,” ते म्हणाले. “मरेपर्यंत सांगणार नोयतो तुले. पण तू आज खरं बोलली.” ते तांब्यातलं पाणी प्यायले. “सामानाले गेला, हे म्या बनवून सांगतलं. त्या दिवशी सकाळी तो माह्याजवळ आला. आंघोळ करून आलता. म्हणे, बाबा, आज गेटले कुलूप लावा. चाबी तुमच्याजवळ ठेवा, म्या मांगतली तरी देऊ नका.”

नंदिनीनं मान वळवून उघड्या दारातून आत पाहिलं.

“म्या भिंतीवर पायलं. हिरवा होता. म्या म्हटलं, काहून बाबू, आज तं चांगला दिवस आहे, ताईनं पाहून लावला. तो उभा रायला थोडा वेळ, इथंच, ह्या खांबाजवळ. मंग म्हणे, ताईनं लावला अशीन तं बरोबर अशीन. अन् गेला.”

देवाजींनी हात खुर्चीच्या हातांवर सैल सोडले. नंदिनी त्या खांबाकडे पाहत होती. खांबाला काही नव्हतं. चुन्याचा पोपडा निघालेला, मुंग्यांची एक रांग. तिला एवढंच दिसत होतं, की तो आंघोळ करून आला होता. केस ओले असतील. डोक्यात काय उसळतं आहे हे त्याला कळलं होतं, कुठल्याही वहीपेक्षा आधी, आईला चेहरा पाहून कळायचं तसं, आणि ते कळून, स्वतःला गजाआड ठेवण्याची भीक मागायला तो स्वतःच्या पायांनी आला होता. आणि मग त्यानं स्वतःवरचा विश्वास काढून तिच्यावर ठेवला होता. शिकलेल्या ताईवर. त्या वेळी ती पुण्यात साडी नेसत असेल, निऱ्या नीट बसतात का पाहत असेल. इतकी वर्षं तिनं मनाशी धरलं होतं, की तो आपल्या चुकीच्या अंदाजातून निसटला. पाणी बोटांतून निसटतं तसा. तो निसटला नव्हता. तो थांबलेला होता आणि त्याला जा म्हटलं गेलं होतं.

“मले वाटे, म्या तुह्या शब्दावर भरवसा ठेवून त्याले घालवला,” बाबा म्हणाले. “तुले सांगतलं तं तू जगणार नाई, असं वाटे.” मग जरा वेळानं, साध्या आवाजात, भूक लागली म्हणाले.

तिनं उठून ताट वाढलं. सकाळची वांग्याची भाजी होती, भाकर होती, कैरीचं पन्हं होतं. देवाजी जेवले, दोन भाकरी, लोणच्याची फोड मागून घेऊन. कितीतरी महिन्यांत ते असे जेवले नव्हते. हात धुऊन आत कुलरसमोर खाटेवर आडवे झाले आणि पाच मिनिटांत घोरू लागले, तोंड उघडं, कपाळावरच्या आठ्या गेलेल्या. खुर्ची व्हरांड्यात रिकामी राहिली. नंदिनी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. रडू येईल म्हणून ती वाट पाहत होती, पण ते आलं नाही. फक्त एक वाक्य येत होतं, प्रशिकच्या आवाजात, आणि तिनं ते ऐकलेलं नसताना त्यातला प्रत्येक चढउतार तिला नेमका ऐकू येत होता. ताट घासलं. भाजीचं पातेलं घासलं. फोन दोनदा वाजला, गार्गीचा असावा. तिनं पाहिला नाही. ऊन ओट्यावरून फरशीवर उतरलं, फरशीवरून दारापर्यंत सरकलं, आणि ती तशीच उभी.

पाच वाजता बाबा उठले. दुपारची झोप उतरली, की खाटेवर उठून बसल्या बसल्या ते एकच विचारायचे, रोज, तीन वर्षं, हिरवा दिवस असो की लाल: कोणी आलतं काय वं? आज ते खाटेच्या काठावर पाय सोडून बसले, डोळे चोळले, खिडकीकडे पाहिलं.

“चहा टाक,” ते म्हणाले. “साखर जरा जास्त टाकजो.”